भास्कराचार्य : श्रद्धा आणि गणित

वाशीम जिल्ह्यात, अकोला-पूर्णा लोहमार्गावर, जऊळका नावाचे गाव आहे. मार्गशीर्षातील अमावास्येच्या रात्री ह्या गावच्या शिवारात उभे राहिले, तर तुरीच्या उभ्या पिकावरून मृग नक्षत्र पूर्वेकडे हळूहळू वर येताना दिसते. सारे आकाश चांदण्यांनी भरून गेलेले असते. अशा वेळी लहान मुलांच्या मनात काही प्रश्न आपोआप उभे राहतात. हे सारे कोणी निर्माण केले? केव्हा निर्माण केले? आणि ज्या पृथ्वीवर आपण उभे आहोत, ती पृथ्वी कशावर उभी आहे?

घरातील वडीलधारी माणसे ह्या प्रश्नांची उत्तरे देतात. ब्रह्मदेवाने सृष्टी रचली, शेषाने पृथ्वी मस्तकावर धारण केली, राहू चंद्राला ग्रासतो म्हणून ग्रहण लागते, असे ती सांगतात. शाळेतील पुस्तक निराळे सांगते. पृथ्वी गोल असून ती अंतराळात निराधार आहे, आणि तिची छाया चंद्रावर पडली म्हणजे चंद्रग्रहण होते, असे त्यात लिहिलेले असते. दोन्ही ऐकलेले मूल गोंधळून जाते. आजीचे सांगणे खोटे मानावे, की गुरुजींचे?

हा गोंधळ आजचा नाही. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका महापंडिताला ह्याच प्रश्नाला सामोरे जावे लागले होते. तो पंडित देवभक्त होता. वेदांवर आणि पुराणांवर त्याची श्रद्धा होती. परंतु तो गणिती होता, आणि गणिताला कोणाची भीड पडत नाही. त्या पंडिताचे नाव भास्कराचार्य. आपल्या अखेरच्या ग्रंथात त्यांनी वाशीमचेही नाव लिहून ठेवले आहे. ते का लिहिले, हे पुढे येईलच.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे वर्ष आपल्याला निश्चित ठाऊक आहे, कारण ते त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात श्लोकबद्ध करून ठेवले आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते गाव नेमके कोणते, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि त्यांच्या घराण्याची सर्वांत ठळक खूण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडते. वडील महेश्वर हे स्वतः थोर विद्वान होते. भास्कराचार्यांचे गुरूही तेच होते. वडिलांच्या पायांशी बसून आपण विद्या मिळवली, असे आचार्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे.

त्या काळी दुर्बीण नव्हती. सपाट जमिनीवर शंकू उभा करावयाचा, त्याची सावली मोजावयाची. पाण्याच्या पात्रात तळाशी भोक असलेले घटिकापात्र सोडून वेळ मोजावयाचा. वेळूच्या कांबींचा गोल बांधून आकाशातील वर्तुळे समजून घ्यावयाची, अशी ती साधने होती. आचार्यांनी आपल्या ग्रंथात अशा यंत्रांचे सविस्तर वर्णन केले आहे. परंतु सर्व यंत्रांत श्रेष्ठ यंत्र कोणते, तर ते माणसाची बुद्धी, असा त्यांचा अभिप्राय होता. हा अभिप्राय त्यांनी जन्मभर पाळला.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला महान ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती ह्या भागात अंकगणित व क्षेत्रमापन आहे; बीजगणितात अव्यक्त संख्यांचे गणित आहे; ग्रहगणितात सूर्य, चंद्र व ग्रह ह्यांच्या गती काढण्याच्या रीती आहेत; आणि गोलाध्यायात ह्या रीतींमागील कारणे सांगितली आहेत. नुसती रीत पाठ करून उत्तर काढणारा ज्योतिषी आचार्यांना पसंत नव्हता. असे का होते, हे ज्याला सांगता येत नाही त्याचे ज्ञान अपुरे, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच आपल्या ग्रंथावर त्यांनी स्वतःच टीका लिहिली आणि तीत प्रत्येक रीतीची उपपत्ती दिली.

गोलाध्यायात पृथ्वीचा प्रश्न येतो. पृथ्वीला कोणाचा तरी आधार आहे, असे पुराणे सांगत असत. आचार्यांनी ह्या मताचा विचार अत्यंत साध्या तर्काने केला. पृथ्वीला एखाद्या मूर्त वस्तूचा आधार आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा. त्या दुसऱ्याला तिसरा हवा. ही मालिका कोठेच संपणार नाही. ती संपावी म्हणून शेवटचा आधार आपल्याच शक्तीने उभा आहे, असे म्हणावे लागेल. मग ती शक्ती शेवटच्या आधाराला देण्याऐवजी पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच, का देऊ नये? तात्पर्य, पृथ्वी आपल्याच शक्तीने अवकाशात राहिली आहे.

ह्यावर कोणी शंका घेईल, की निराधार वस्तू तर खाली पडते. मग पृथ्वी का पडत नाही? काही मतांचे लोक, पृथ्वी खरोखरच सतत खाली पडत आहे, असेही मानीत. आचार्यांनी उत्तर दिले, की वर फेकलेला दगड पृथ्वीकडे परत येतो हे प्रत्यक्ष दिसत असताना असे मानणे व्यर्थ आहे. पृथ्वीमध्ये आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढून घेते, आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी भासते. पृथ्वीभोवती तर सर्व बाजूंनी आकाश सारखेच आहे. मग ती पडणार कोणत्या दिशेला? पुढे सतराव्या शतकात न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम गणिताने मांडला. तसा नियम आचार्यांनी मांडला नव्हता. परंतु खाली आणि वर हे शब्द पृथ्वीच्या संबंधानेच अर्थपूर्ण आहेत, हे त्यांनी पुरते ओळखले होते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहणारी माणसेही आपल्याप्रमाणेच निर्धास्त उभी असतात, हे त्यांनी तळ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या पाण्यातील उलट्या प्रतिबिंबाचा दाखला देऊन समजावले.

पृथ्वी आरशासारखी सपाट आहे, असाही समज होता. रात्र कशी होते, तर सूर्य मेरू पर्वताच्या आड जातो म्हणून, असे त्या मताचे लोक सांगत. आचार्यांनी त्यांना प्रश्न केले. सूर्याला झाकून टाकणारा एवढा मोठा पर्वत दिसत का नाही? मेरू जर उत्तरेला आहे, तर वर्षाचे सहा महिने सूर्य पूर्वेच्याही दक्षिणेला कसा उगवतो? मग डोळ्यांना पृथ्वी सपाट का दिसते, ह्याचेही कारण त्यांनी सांगितले. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग पाहिला तर तो सरळ रेषेसारखाच दिसतो. पृथ्वी फार मोठी आणि माणूस फार लहान. म्हणून त्याच्या नजरेत येणारा तुकडा त्याला सपाट भासतो.

पृथ्वी किती मोठी? पुराणांत तिचा विस्तार पन्नास कोटी योजने सांगितलेला आहे. आचार्यांनी तिचा परिघ ४९६७ योजने दिला, आणि तो पडताळण्याची रीतही सांगितली. दक्षिणोत्तर असलेली दोन गावे घ्यावीत. त्यांमधील अंतर योजनांत मोजावे. दोन्ही गावांहून ध्रुवाची उंची किती अंश दिसते ते पाहून त्या अंशांतील फरक काढावा. एवढ्या अंशांना एवढी योजने, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक जाणणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे गणित सुटेल. उज्जयिनी हे नगर विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्शावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे, असे आचार्यांनी लिहिले आहे. आजच्या मोजणीने ते अंतर सुमारे तेवीस अंशांचे भरते.

हे सर्व लिहिणारा मनुष्य नास्तिक असेल, असे कोणाला वाटेल. तसे मुळीच नव्हते. लीलावतीचा आरंभ आचार्यांनी गणेशवंदनेने केला आहे. गोलाध्यायात पृथ्वीचे वर्णन सुरू करण्यापूर्वी त्यांनी परब्रह्माचे स्तवन केले आहे. प्रकृती आणि पुरुष ह्यांच्यापासून महत्तत्त्व, त्यापासून अहंकार, मग आकाश, वायू, अग्नी, जल आणि पृथ्वी अशी सृष्टीची उत्पत्ती झाली, हे आपल्या परंपरेतील मत त्यांनी तेथे आदराने मांडले आहे. मात्र ह्या उत्पत्तीच्या वर्णनावर त्यांनी कोणतेही गणित उभारले नाही. त्या ठिकाणी त्यांनी हात जोडले. गणिताला आरंभ केला तो, जेथे सावली मोजता येते आणि घटिका मोजता येतात तेथून.

सृष्टीच्या वयाविषयी त्या काळी मोठमोठे आकडे सांगितले जात. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आणि एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. त्या दिवसाच्या आरंभी सूर्य, चंद्र व ग्रह निर्माण होतात आणि दिवस संपताच लय पावतात, अशी समजूत होती. चालू दिवसाचा शककालाच्या आरंभापर्यंत किती भाग सरला, हेही परंपरेने सांगितले होते. तो आकडा १,९७,२९,४७,१७९ वर्षांचा आहे. आचार्यांनी हा काल आपल्या गणितासाठी स्वीकारला. परंतु खुद्द ब्रह्मदेवाचे आयुष्य किती सरले, ह्याविषयी पंडितांत वाद होता. कोणी म्हणत, अर्धे आयुष्य गेले. कोणी म्हणत, साडेआठ वर्षे गेली. आचार्यांनी ह्या वादात भाग घेतला नाही. शास्त्रवचन कोणतेही असो, त्याचा येथे उपयोग नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. ग्रह जर आजच्या दिवसाच्या आरंभीच निर्माण झाले, तर त्याआधी ते नव्हतेच. जे नव्हते त्याची गती कशी काढावयाची? आणि मग, अस्तित्वात नसलेल्या ग्रहांचेही गणित करणाऱ्या थोर पुरुषांना आपला नमस्कार असो, असा मिस्किल शेरा त्यांनी मारला. गंभीर ग्रंथातील हे स्मित आजही वाचकाच्या ओठांवर उमटते.

विश्वाच्या मापाविषयीही त्यांचे वागणे असेच होते. जुन्या ज्योतिषांनी आकाशाच्या कक्षेचा परिघ १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने सांगितला होता. कोणी म्हणत, हा ब्रह्मांडाचाच परिघ. पौराणिक पंडित म्हणत, हा लोकालोक पर्वताचा घेर. आचार्यांनी आपले मत दिले, की ब्रह्मांड एवढे असो वा नसो. एका कल्पात ग्रह एवढी योजने चालतो, आणि ह्या आकड्याचा आपण एवढाच अर्थ घेतो. विश्व केवढे आहे हे मोजण्याचे साधन आपल्यापाशी नाही, म्हणून त्याविषयी छातीठोकपणे बोलावयाचे नाही, ही शिस्त त्यात आहे. आकडा समोर असताना त्याच्या मोहात न पडणे फार थोड्यांना जमते.

श्रद्धा आणि गणित ह्यांची खरी गाठ पडली ती ग्रहणाच्या प्रकरणात. राहू चंद्रसूर्यांना ग्रासतो, हे वेदस्मृतिपुराणांच्या आधारे सारा समाज मानीत होता. ग्रहणात स्नान, दान आणि जप ही कर्मे त्याच विश्वासाने होत. आचार्यांना मात्र छायेचे गणित स्पष्ट दिसत होते. चंद्रग्रहणात चंद्राची टोके बोथट दिसतात आणि ग्रहण बराच वेळ टिकते. म्हणजे झाकणारी वस्तू मोठी आहे. ती पृथ्वीची छाया होय. सूर्यग्रहणात सूर्याची टोके तीक्ष्ण दिसतात आणि ग्रहण लवकर सुटते. म्हणजे झाकणारी वस्तू लहान आहे. तो चंद्र होय. एकच राहू दोघांना ग्रासत असता, तर हा भेद दिसला नसता.

आता काय करावे? राहू नाही असे म्हणावे, तर धर्मग्रंथांशी विरोध येतो. छाया नाही असे म्हणावे, तर डोळ्यांशी विरोध येतो. आचार्यांनी तोड काढली. शंकराच्या वरामुळे अंधाररूपी राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो, आणि चंद्रबिंबात शिरून सूर्याला झाकतो. म्हणून शास्त्रांत आणि गणितात विरोध उरत नाही, असे त्यांनी लिहिले. काहींना ही तडजोड वाटेल, आणि ती तडजोड आहेच. राहूला छायेत जागा दिल्याने गणिताच्या एकाही अंकात फरक पडत नाही. राहूला वगळले तरीही ग्रहण त्याच घटिकेला लागते. परंतु तिच्यामुळे लोकांची श्रद्धा न दुखवता ग्रहणाचे खरे कारण त्यांच्यापुढे मांडता आले. ह्या तडजोडीची किंमतही होती. छायेचे कारण पंडितांच्या पोथीत राहिले, आणि घरोघर राहूचीच गोष्ट चालू राहिली.

आचार्यांच्या ज्ञानाला त्यांच्या काळाच्या मर्यादा होत्या. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, असे ते मानीत. मेरू त्यांनी टाकला नाही. त्याला उत्तर ध्रुवावर स्थान दिले. पुराणांतील समुद्र आणि द्वीपे त्यांनी पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात कल्पिली. जेथे मोजमाप पोहोचले तेथे त्यांनी जुने मत बदलले. जेथे ते पोहोचले नाही तेथे जुने मत राहू दिले.

इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना सोपे पडावे, असा तो लहानसा ग्रंथ आहे. पंचांगाचे गणित एखाद्या ठराविक रेषेपासून करावे लागते. आज सारे जग त्यासाठी ग्रिनिचची रेषा वापरते. प्राचीन भारतात लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणारी मध्यरेषा वापरीत. ह्या रेषेवरील गावे आचार्यांनी करणकुतूहलात सांगितली आहेत. त्यांत कांची आहे, परळी आहे, उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे; आणि परळी व उज्जयिनी ह्यांच्या मध्ये वत्सगुल्म आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. तेथील मध्यमेश्वराच्या मंदिरातून ही मध्यरेषा जाते, अशी वाशीमकरांची श्रद्धा आहे.

आजच्या नकाशावर पाहिले, तर उज्जयिनी सुमारे ७५.८ रेखांशावर आहे आणि वाशीम सुमारे ७७.१ रेखांशावर. म्हणजे दोन्ही नगरे एका रेषेवर नाहीत. त्यांच्या वेळेत सुमारे सव्वापाच मिनिटांचा फरक पडतो. ह्यात नवल नाही. ध्रुवाची उंची पाहून गाव किती उत्तरेला आहे हे सहज कळते. परंतु ते किती पूर्वेला आहे हे कळणे त्या काळी फार कठीण होते. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते. तेव्हा दोन गावी आपापल्या घटिकापात्रांनी वेळ मोजून ठेवावयाची आणि मग दोन्ही वेळांतील फरक पाहावयाचा, असा एक उपाय होता. तेरा पळांच्या आसपासचा हा फरक पाण्याच्या घटिकेने पकडणे सोपे नव्हते. पुढच्यांनी चांगली घड्याळे केली आणि रेषा सुधारली. आपल्या रीतीची उपपत्ती उघड करून ठेवणाऱ्याचा आकडा चुकला, तरी पुढच्याला ती चूक शोधता येते आणि दुरुस्तही करता येते.

आचार्यांच्या मागे त्यांची विद्या लोपली नाही. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर ह्यांना यादव राजा जैत्रपाल ह्याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण ह्याचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला. त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद करणारा शके ११२८ चा शिलालेख पाटणच्या देवीच्या मंदिरात आहे. त्याच्या अखेरचा काही मजकूर जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी हा शिलालेख उजेडात आणला. मंदिरातील दगडावर गणिताच्या पाठशाळेची नोंद कोरलेली असावी, हे आचार्यांच्या घराण्याला शोभणारेच होते.

आचार्यांच्या नावाभोवती एक कथाही गुंफली गेली. लीलावती ही त्यांची कन्या. घटिकापात्रात मोती पडून तिच्या विवाहाचा मुहूर्त चुकला, आणि तिचे दुःख हलके व्हावे म्हणून पित्याने तिच्या नावाने ग्रंथ रचला, अशी ती कथा आहे. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत मात्र तिचा उल्लेख नाही. कथा गोड आहे आणि ती सांगण्यास हरकत नाही. पण कथा कोणती आणि नोंद कोणती, हे सांगणाऱ्याने विसरू नये. आचार्यांनी तरी दुसरे काय केले?

त्यांच्या ग्रंथाने पुढे आणखी एक काम केले. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी सिद्धांतशिरोमणीच्या अभ्यासाला उत्तेजन देत असे. त्याच्या सहवासातील सुबाजी बापू ह्या मराठी पंडितांनी १८३६ मध्ये सिद्धांतशिरोमणिप्रकाश हे पुस्तक लिहिले. पुराणांचे मत, आचार्यांचे मत आणि कोपर्निकसचे मत अशी तिन्ही मते त्यांनी त्यात शेजारी शेजारी ठेवली. परक्याच्या सांगण्यावरून जे मानण्यास लोक कचरले असते, ते आपल्याच आचार्यांच्या आधाराने विचारात घेणे त्यांना सोपे झाले.

विश्वाच्या उत्पत्तीचा प्रश्न आजही संपलेला नाही. मात्र आज मोजण्याची साधने वाढली आहेत. खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरले आहे. दूरच्या तारकाविश्वांचा प्रकाश आणि सर्व दिशांनी येणारे मंद सूक्ष्मतरंग ह्यांवरून विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे येते. विश्व एका अतितप्त, अतिदाट अवस्थेतून प्रसरण पावले, हा महास्फोटाचा सिद्धांत प्रथम मांडणाऱ्यांत बेल्जियममधील जॉर्ज लमेत्र हे प्रमुख होते. १९२७ ते १९३१ ह्या काळात त्यांनी तो मांडला. ते स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होते. तरीही आपल्या सिद्धांताचा उपयोग धर्ममताच्या पुराव्यासाठी करू नये, असे त्यांचे मत होते. कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) ह्यांनी फ्रेड हॉईल ह्यांच्याबरोबर ह्याच्या विरुद्ध मताचा, म्हणजे विश्वाला आरंभच नाही ह्या मताचा, अनेक वर्षे गणिताने पुरस्कार केला. बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा पक्ष घेतला, तो १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मतरंगांच्या शोधानंतर. कोणाच्या अधिकाराने हा वाद मिटत नाही, निरीक्षणाने मिटतो. ही रीत भास्कराचार्यांना परकी वाटली नसती.

१९७९ आणि १९८१ मध्ये भारताने भास्कर नावाचे दोन उपग्रह अंतराळात पाठवले. प्राचीन भारतात भास्कर नावाचे दोन थोर गणिती होऊन गेले. त्यांचे स्मरण ह्या नावात आहे. ज्या पृथ्वीला आधाराची गरज नाही असे आचार्य सांगत होते, त्याच पृथ्वीभोवती ते उपग्रह कोणत्याही आधारावाचून फिरले.

जऊळक्याच्या शिवारात आजही मृग नक्षत्र मार्गशीर्षात पूर्वेकडून वर येते. ते पाहणाऱ्या मुलाने आजीची गोष्ट ऐकावी. तीत कित्येक पिढ्यांचे कुतूहल साठवलेले आहे. त्याने ग्रहणाच्या रात्री चंद्रावरील छायेची कडाही नीट पाहावी. ती गोल का आहे, हे स्वतःला विचारावे, आणि उत्तर पडताळून पाहावे. दक्षिणेस थोड्या अंतरावर असलेल्या वाशीमचे नाव ज्यांनी करणकुतूहलात लिहिले, त्या आचार्यांनी आपल्या शिष्यांकडून ह्याहून अधिक काही मागितले नव्हते.